चित्रा आणि गच्चीचं कुलूप

मागच्या सेमिस्टरला हीट ट्रान्स्फरमध्ये माझी के.टी. लागली. स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम तोंडपाठ होता, पण तो कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये एका रात्री लाइट गेली म्हणून आम्ही चौघं गच्चीवर गेलो. एकाने सप्तर्षींची शेपटी धरून बोट पुढे नेलं. आधी नारिंगी स्वाती आणि त्याच वळणावर पुढे निळसर पांढरी चित्रा. चैत्राला नाव हिच्यावरूनच मिळालं. त्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र हिच्याजवळ असतो.

मी म्हटलं, "निळी म्हणजे थंड असणार." नळावरचा निळा ठिपका गार पाण्याचा असतो ना! मित्र म्हणाला, "स्मिदीत काय केलंस लेका? लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. निळा त्याच्याही पुढचा."

लाइट आल्यावर हिशोब मांडला. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, चित्रेतल्या मोठ्या ताऱ्याचा सुमारे २५,०००. म्हणजे ४.३ पट. याचा चौथा घात साधारण ३४५. त्रिज्या सूर्याच्या साडेसात पट, तिचा वर्ग ५६. गुणाकार केला, तर तेज सूर्याच्या जवळजवळ वीस हजार पट! वीनचा नियम लावला, तर सर्वांत जास्त प्रारण ०.११६ मायक्रॉनला, म्हणजे अतिनीलमध्ये. आपल्याला दिसतो तो नुसता उरलासुरला उजेड, तोही अडीचशे वर्षांपूर्वी, सवाई माधवरावांच्या काळात निघालेला.

'मोठ्या ताऱ्याचा' म्हटलं, कारण चित्रा एकटी नाही. दोन तारे चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात, इतके जवळ की ओढीने अंड्यासारखे लांबट झालेत. मोठ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे अकरा पट, पण खर्च वीस हजार पट. मग आयुष्यही तसंच. सूर्याला हजार कोटी वर्षं, याला जेमतेम दोन-एक कोटी. टॉपर मंडळींनी नोंद घ्यावी!

आता मुद्द्याचं. चार सूत्रं मी वर्षभर घोकली आणि नापास झालो. एका रात्रीत ती कळली. पण त्यानंतर आठवड्याभरात गच्चीला कुलूप लागलं. कारण पटतं. कठडा बुटका आहे, उद्या कुणी पडलं तर जबाबदारी रेक्टर सरांवर. पण कुलूप हा एकच उपाय आहे का? महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, नऊ ते साडेदहा गच्ची उघडावी. सोबत एखादे सर असावेत, नावं रजिस्टरमध्ये लिहावीत, ग्राउंडचे फ्लडलाइट तेवढा वेळ बंद ठेवावेत. दुर्बीण नसली तरी चालेल, डोळे आहेत. खर्च शून्य, उलट विजेची बचतच.

सर, माझी के.टी. सुटली. कुलूप तेवढं सुटायचं राहिलंय.