मोजदाद कोण करणार?

परराष्ट्र राज्यमंत्र्यांनी २०२४ च्या जुलै महिन्यात लोकसभेत एका प्रश्नास जे लेखी उत्तर दिले, त्यातील आकडे एक दिवस सर्व वृत्तपत्रांत झळकले आणि दुसऱ्या दिवशी मागे पडले. त्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थी परदेशांत मृत्यू पावले. कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७, रशियात ३७ आणि उरलेले अन्य देशांत. यांपैकी हल्ल्यांत बळी पडलेले १९. राहिलेले ६१४ तरुण आजाराने, अपघाताने किंवा अशाच अन्य कारणांनी गेले.

हे आकडे आम्ही कोणास भिवविण्यासाठी पुन्हा छापीत नाही. त्या सुमारास परदेशांत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या तेरा लाखांच्या वर होती. म्हणजे दरसाल सरासरी दहा हजारांत एक मृत्यू पडतो. तरुण वयाच्या कोणत्याही समुदायात, आपल्या देशातही, यापेक्षा कमी मृत्यू होतात असे म्हणता येणार नाही. परदेश ही काही मृत्यूची गुहा नव्हे. परंतु या आकड्यांतून दुसरी एक गोष्ट निघते व तिची चर्चा फारशी झाली नाही. गोळीबार झाला, सुरा चालला, की ती बातमी पहिल्या पानावर येते. आम्हीही ती तेथेच छापतो. प्रत्यक्षात शंभरांतील सत्त्याण्णव मुले हल्ल्याशिवायच गेली. न ओळखलेला ताप, रस्ता, पाणी, थंडी आणि मनाची उदासी यांना मथळा मिळत नाही; म्हणून त्यांचा बंदोबस्तही होत नाही.

पत्रकारितेत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. चाळीस मुलांची सहल सिंहगडास न्यावयाची झाली तरी आधी पालकांची संमतिपत्रे गोळा होत, कोणास दमा आहे, कोणास कोणते औषध चालत नाही हे वहीत लिहिले जाई, औषधांची पेटी एका शिक्षकाच्या खांद्यावर असे आणि प्रत्येक वळणावर मुले मोजली जात. संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी शेवटची मोजणी होईतो मुख्याध्यापक घरी जात नसत. त्याच वर्गातील मुले पुढे बारा हजार किलोमीटर दूर जातात, तेव्हा त्यांना मोजणारा कोणी नसतो. मूल सज्ञान झाले आहे हे खरे. पण परक्या गावातील पहिल्या हिवाळ्यात बावीस वर्षांचा सज्ञानही बराचसा पोरकाच असतो.

घरोघरी तयारी होते ती प्रवेशाची, शुल्काची आणि कर्जाची. मेथीचे ठेपले, लोणचे, प्रेशर कुकर हे सारे वजन करून बॅगेत बसते. विम्याचा कागद मात्र कोणी वाचीत नाही. विद्यार्थी दगावल्यास आपले कर्ज बुडू नये म्हणून त्याच्या जिवाचा विमा उतरविण्याचा आग्रह अनेक बँका धरतात. तो आजारी पडल्यास त्याचे उपचार कशातून व्हावयाचे, हे विचारण्याचे त्यांना कारण पडत नाही. परदेशी पाठविण्याचा व्यवसाय करणारे सल्लागार विद्यापीठाच्या क्रमवारीविषयी तासभर बोलतील. रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर कोठे जावयाचे, याविषयी त्यांच्या रंगीत पुस्तिकेत एक ओळ सापडणे कठीण.

आणि या बाबतीत देशादेशांत अंतर फार आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याकडून व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा अधिभार घेतात. २०२४ पासून तो वर्षास ७७६ पौंड आहे. मात्र पैसे भरले म्हणजे काम झाले असे नव्हे. तेथे पोहोचताच राहत्या वस्तीतील डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. ते न नोंदविता अनेक मुले महिनेच्या महिने काढतात आणि आजारी पडल्यावर धावाधाव करतात. ऑस्ट्रेलियात आरोग्यविमा असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. जर्मनीत विमा नसेल तर विद्यापीठ नाव दाखल करून घेत नाही. कॅनडात प्रांतागणिक निराळा नियम आहे आणि ब्रिटिश कोलंबियात चालणारी गोष्ट ओंटारिओत चालेलच असे नाही.

खरा घोळ आहे तो अमेरिकेत. विनिमय कार्यक्रमाखाली जे-१ व्हिसावर येणाऱ्याने प्रत्येक आजारास वा अपघातास किमान एक लाख डॉलर, उपचारार्थ अन्यत्र हलविण्यास पन्नास हजार आणि दुर्दैवाने मृत्यू आल्यास देह मायदेशी पाठविण्यास पंचवीस हजार डॉलर इतका विमा घेतलाच पाहिजे, असा तेथील केंद्र सरकारचा नियम आहे. आपली बहुसंख्य मुले जातात ती एफ-१ व्हिसावर, आणि त्यांना असा कोणताही केंद्रीय नियम लागू नाही. विद्यापीठ ठरवील ते. काही विद्यापीठे स्वतःचा विमा सक्तीचा करतात. काही ठिकाणी बाहेरचा स्वस्त विमा चालतो, आणि घरावर कर्ज काढून गेलेला मुलगा तो स्वस्त विमा घेतो यात नवल नाही. त्या विम्यात पहिले काही हजार डॉलर रुग्णानेच भरावयाचे असतात, जुना आजार वगळलेला असतो, ही कलमे त्याला कळतात ती रुग्णालयाचे बिल हाती पडल्यावर. पदवी मिळाल्यानंतर नोकरी शोधण्याच्या काळात तर विद्यापीठाचा विमा बहुधा संपलेला असतो. खिशात पैसे नाहीत, नोकरी नाही आणि विमाही नाही, अशा त्या महिन्यांत ताप आला तर मुले डॉक्टरकडे जात नाहीत. आईने दिलेल्या डब्यातील गोळ्या घेऊन पडून राहतात.

यापेक्षाही एक लहान बाब आहे. तिला पैसा लागत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष अक्षम्य म्हणावे लागते. अमेरिकेत अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या प्रकृतीची माहिती तिच्या संमतीवाचून आईबापांनाही सहसा देत नाहीत. रुग्णालयाचा आणि विद्यापीठाचा, दोन्ही कायदे याच बाजूचे आहेत. आपल्याकडील बाप फोन करकरून थकतो आणि पलीकडून विनम्र नकार मिळतो. त्यावर उपाय एकच: जाण्यापूर्वी, निदान गेल्यावर पहिल्या आठवड्यात, संकटसमयी कोणास कळवावे आणि आपण बेशुद्ध असल्यास आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, याची दोन पत्रके भरून ठेवणे. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात मोटारीच्या धडकेने बेशुद्ध झाली, तेव्हा तिच्या वडिलांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी दिवसेंदिवस खटपट करावी लागली. वर्तमानपत्रांनी आवाज उठविला, परराष्ट्र खात्याने लक्ष घातले आणि मग तातडीचा व्हिसा मिळाला. ज्यांचा आवाज वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही आमच्या मनात आला होता. ज्या घरातील मूल परदेशी आहे, त्या घरात निदान एका वडीलधाऱ्या माणसाचा पासपोर्ट चालू मुदतीचा असावा, एवढी साधी गोष्टही आपण पाळीत नाही.

पाण्याविषयी दोन शब्द. २०२४ च्या जूनमध्ये रशियातील वेलिकी नोवगोरोद शहरी वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आमच्या जळगाव जिल्ह्यातील मुले होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधील टमेल नदीच्या धबधब्यापाशी दोन भारतीय विद्यार्थी गेले. उत्तरेकडील नद्यांचे पाणी उन्हाळ्यातही इतके थंड असते की, अंग पाण्यात पडताच श्वास लागतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय चालेनासे होतात. तापी-गिरणेच्या काठी वाढलेल्या मुलाला हे कोणी सांगितल्याशिवाय कसे कळावे?

मनाच्या आजाराविषयी आपल्याकडे अद्याप कुजबुजूनच बोलतात. कर्जाचा हप्ता, रात्रपाळीची नोकरी, अंधाऱ्या तळघरातील खोली आणि दुपारी चार वाजता मावळणारा सूर्य यांखाली वाकलेला मुलगा घरी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असेच म्हणतो. कारण घर गहाण आहे हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ हा क्रमांक फिरविला असता अशा वेळी बोलावयास माणूस मिळतो. हा क्रमांक किती पालकांना माहीत आहे?

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले गेले, त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. २०२५ च्या जूनमध्ये इराणच्या उर्मिया येथील विद्यार्थी आर्मेनियामार्गे दिल्लीस पोहोचले. ही कामगिरी मोठीच होय. परंतु युक्रेनमधील वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी देश सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा हजेरी बुडेल या भीतीने शेकडो मुले थांबून राहिली आणि १ मार्चला खारकीव्हमध्ये एक वैद्यकीय विद्यार्थी तोफगोळ्यांच्या माऱ्यात मारला गेला. वकिलातीने विद्यापीठांशी आधीच बोलणे केले असते, तर मुलांपुढे वर्ष की जीव असा पेच पडला नसता. २०१५ साली सुरू झालेले ‘मदद’ संकेतस्थळ आहे. विद्यार्थ्याने त्यावर नोंद करावी अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे; वकिलातीतील सेवांवर आकारलेल्या शुल्कातून तो उभा राहतो आणि गरजूंचे उपचार किंवा देह मायदेशी आणणे यांसाठी तो वापरता येतो. असे असता दर महिन्यास कोठल्या तरी मुलाच्या मित्रांना देह परत नेण्यासाठी अनोळखी लोकांपुढे झोळी का पसरावी लागते? गरजू कोण हे ठरविण्यात आठवडा जात असेल, तर तो नियम बदलावयास हवा.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियास शिकावयास गेल्या, तेव्हा ना वकिलात होती ना विमा. होत्या त्या न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले आणि त्या घरात आजारपणाची, कपड्यांची, जेवणाची विचारपूस झाली. क्षयाने आनंदीबाईंना १८८७ च्या फेब्रुवारीत गाठलेच. तरीही त्यांची रक्षा ज्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवावी असे वाटले, ते घर कार्पेंटरबाईंचेच होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. गणेशोत्सव आणि नाटके ते उत्तम करतात, याबद्दल आम्हांस आदरच आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या गावी एका मराठी घराने वर्षास दोन विद्यार्थ्यांची मावशी व्हावे, पंधरा दिवसांतून एकदा त्यांना जेवावयास बोलवावे, एवढे काम मंडळांनी अंगावर घेतले तर वकिलातीस जे कळत नाही ते त्या घरास ताटावरच कळेल.

महाराष्ट्र सरकारसही करता येण्याजोगे आहे. शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता देण्यापूर्वी बँकेने ‘मदद’वरील नोंदीचा आणि आरोग्यविम्याचा कागद पाहावा, असा आग्रह राज्यस्तरीय बँकर समितीत धरता येईल. प्रत्येक जिल्ह्यात जुलै महिन्यात एक दिवस जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एकत्र बसवून वर लिहिलेल्या गोष्टी मराठीत सांगता येतील. त्यासाठी नवे खाते नको, एक सभागृह आणि परदेशांतून परतलेले चारदोन डॉक्टर पुरेत.

मुख्य प्रश्न मोजणीचा राहतो. लोकसभेतील त्या उत्तरात देशवार आकडे होते. त्या ६३३ जणांत महाराष्ट्राचे किती, कोणत्या जिल्ह्याचे किती, कितींजवळ विमा होता, कितींचे देह किती दिवसांनी घरी आले, हे त्यावरून कळत नाही. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात कोणा सदस्याने, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा प्रश्न विचारावा. उत्तर येईल ते आम्ही याच जागी छापू.