नकाशात नसलेली गल्ली

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावरील नकाशांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु यंदा आम्हां चौघांना प्रकल्प म्हणून महाविद्यालयाचे संकेतस्थळ करावयास दिले, आणि त्यात हलता नकाशा घालण्याचे काम माझ्या वाट्यास आले.

काम वाटते तितके कठीण नाही. ‘लीफलेट’ नावाचे मोफत साधन २०११ पासून उपलब्ध आहे. नकाशा म्हणजे चौकोनी तुकड्यांची जुळणी. बोटाने सरकवला की पुढचे तुकडे येऊन बसतात. आपण फक्त अक्षांश आणि रेखांश सांगावयाचे. पहिल्याच दिवशी माझ्याकडून दोहोंची अदलाबदल झाली आणि आपले कल्याण नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडले!

चूक सुधारली, महाविद्यालयावर लाल खूण उमटली. मग साहजिकच मी कल्याण पूर्वेतील आमची गल्ली शोधली. मुख्य रस्ता होता, नाला होता. पलीकडे नुसता करडा रंग. गेल्या पावसाळ्यात आजीला रुग्णालयात न्यावयाचे होते, तेव्हा बोलावलेली गाडी अशाच नकाशावर विसंबून नाल्याअलीकडे थांबली. बाबांनी आजीला पाठीवर घेतले.

हा करडा रंग आपण भरू शकतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात कोणालाही भर घालता येते, नावे मराठीतही देता येतात. रस्त्याची रेघ उपग्रहाच्या चित्रावरून ओढता येईल. पण त्या वळणाला लोक काय म्हणतात, हे कोण सांगणार? जुना पत्रीपूल २०१८ साली पाडला, तरी नव्यालाही आपण पत्रीपूलच म्हणतो. लोकांच्या तोंडचे नाव नोंदवणे हे इतिहास, भूगोल आणि मराठी शिकणाऱ्यांचेच काम नव्हे काय?

घरी हे सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘नकाशात दिसलो की नोटीस घेऊन कोणीतरी यायचं.’’ बाबा सातवीपर्यंत शिकलेले. परंतु प्रकल्पातील कोणत्याही प्रश्नाहून हा प्रश्न कठीण होता. १७६७ साली इंग्रजांनी सर्वेक्षण खाते काढले, ते काही रयतेला वाट दाखवण्यासाठी नव्हे.

तरीही माझे मत असे, की उपग्रहाच्या चित्रात आमची पत्र्याची छपरे आधीच दिसतात. ज्याला नोटीस द्यावयाची आहे त्याला आम्ही सापडतोच. सापडत नाही ते फक्त मदतीला येणाऱ्याला. मात्र नोंद करण्याआधी वस्तीला विचारावे. कोणाचे नाव लिहू नये. रस्ता, नळ, दवाखाना एवढेच दाखवावे.

म्हणून विनंती, की संकेतस्थळावर लाल खूण लावून आपले काम संपले असे मानू नका. प्रत्येकाने आपल्या वस्तीची एक तरी वाट नोंदवावी. गेल्या रविवारी बाबा आपणहून माझ्याबरोबर नाल्यापर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘इथून गाडी वळते, हे लिही.’’

— द्वितीय वर्ष, कला