भिंतीच्या आतली बाग

अकोल्याच्या जुन्या शहरातलं दादीचं घर बाहेरून अगदी रुक्ष होतं. उंच भिंत आणि एक लाकडी दरवाजा, बस. आत पाऊल टाकलं की अंगण: डाळिंबाचं झाड, मोगरा, कोपऱ्यात हौद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. असरनंतर दादी पाणी शिंपडायची, आणि मगरिब झाली की सगळं घर तिथे बाज टाकून बसायचं.

पुढे वाटणी झाली, घर पाडलं. नवा नकाशा काढायला मला बसवलं. (सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आणि बांधकामाचा इंजिनिअर यांत आमच्या खानदानात कुणी फरक करत नाही.) मी चौरस फुटांचा हिशेब केला आणि अंगण उडवलं. समोर उरलेल्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवले. आता अम्मीला संध्याकाळी बसायला जागा नाही. गच्ची रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

डिग्री असून मला जे कळलं नाही, ते कूलर दुरुस्त करणाऱ्याला कळतं. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. म्हणून कूलर मुंबईत फसतो आणि अकोल्यात चालतो. ओली माती आणि झाड म्हणजे बिनविजेचा कूलर. भिंत लू अडवते आणि तो गारवा आत धरून ठेवते.

ही अक्कल जुनी आहे. ‘फिरदौस’ या शब्दाचं मूळ प्राचीन इराणी भाषेत सापडतं, आणि तिथे त्याचा अर्थच ‘चहूबाजूंनी भिंत घातलेली जागा’ असा आहे. शाळेच्या सहलीत आपण औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहतो, ताजमहालाची नक्कल म्हणून हसतो आणि परत येतो. १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूचा चारबाग मात्र नीट बघा. उंच तट, पाण्याचे पाट, कारंजी. ताजमध्ये कबर बागेच्या एका टोकाला आहे, इथे ती बागेच्या मधोमध आहे. आणि आपल्या अचलपूरजवळचा हौज कटोरा? भोवती पाणी, मध्ये अष्टकोनी मनोरा. बाग नव्हे, पण पाण्याच्या सोबतीला बसण्याची हौस तीच.

जुन्या अंगणाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवायला नको. त्याच भिंतीआड दादीचं अर्ध आयुष्य गेलं. तिला अंगण होतं, पण बाहेरची बाग नव्हती. आज आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलींना बहुतेक ठिकाणी दोन्ही नाही, आणि हे मला जास्त टोचतं.

घरातलं अंगण गेलं, निदान वस्तीची मोकळी जागा तरी शोधू या. साधारण एकरभर किंवा त्याहून मोठा लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. गुंठेवारीच्या वस्त्यांत ती सुटतच नाही, हे खरं दुखणं आहे. पण तुमचा लेआउट मंजूर असेल तर नकाशा मागवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नकाशावर ‘ओपन स्पेस’ लिहिलेल्या जागी आज काय उभं आहे, ते स्वतः जाऊन पाहा. भिंत घालायचीच असेल तर त्या जागेला घाला, आणि फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवा.

आमच्या लेआउटसाठी मी अर्ज टाकलाय. घरापुढचे थोडे पेव्हरही उखडलेत. डाळिंबाचं रोप अम्मीने स्वतः निवडलं, आणि खड्डा पुरेसा खोल नाही म्हणून मला दोनदा खणायला लावलं.