रस्ता वर आला, तळघर खाली गेलं

मंडळी, रोहिणी नक्षत्र लागलं की आपल्याकडं शेतकरी बियाणं बघतो आणि शहरातला तळघरवाला मोटार बघतो. चालू होते का, पाईप कुठं फाटला का, वायर उंदरांनी कुरतडली का. दरवर्षीचंच झालंय हे. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही आता.

पण जरा विचार करा. हे जालना आहे, कोकण नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं 700 च्या आसपास. 2012-13 चा दुष्काळ आठवा, टँकरच्या मागं हंडे घेऊन पळणारं हेच शहर होतं. त्याच शहरात आज लोक तळघरातलं पाणी उपसायला रात्र रात्र जागतात. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जी अतिवृष्टी झाली, ती तर कुणी विसरलेलं नाही. म्हणजे पाऊस वर्षभराचा कमी, पण येतो तेव्हा तासाभरात सगळा हिशेब चुकता करून जातो.

आता लोक म्हणतात, "तळघर बांधलंच कशाला मग?" बोलायला सोपं आहे. जागेचे भाव बघा, बाजारपेठेतले गाळे बघा. दुकानदाराला माल ठेवायला जागा लागते, घरवाल्याला गाडी लावायला. आणि तळघर बांधणं काही बेकायदा नाही. राज्याची 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तळघराला परवानगी देते. अट एवढीच, की रस्त्यावरचं पाणी आत येणार नाही अशी व्यवस्था पाहिजे आणि भिंती-फरशी पाणी न झिरपणारी पाहिजे. राहण्यासाठी मात्र तळघर वापरता येत नाही.

खरी मेख इथंच आहे. घर बांधताना जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट वर होतं. मग डांबरावर डांबर पडलं. मग त्याच्यावर सिमेंटचा रस्ता आला. जुना थर कुणी खरवडला नाही. दर वेळी रस्ता काही इंच वर, आणि पंधरा-वीस वर्षांत उंबरठा रस्त्याच्या खाली. घरमालकानं नियम पाळूनच बांधलं होतं. नियम मोडला तो रस्त्यानं. पण नोटीस रस्त्याला कोण देणार?

यावर आपण उपाय काय काढला? ज्यानं त्यानं आपापला ओटा उंच केला. एकानं नऊ इंच केला की शेजारी एक फूट करतो. पाणी काही आटत नाही, ज्याच्या खिशात सिमेंटचे पैसे नाहीत त्याच्या घरात जातं. आपण मोटार लावून रस्त्यावर सोडलेलं पाणीही फिरून पुढच्याच्या तळघरात उतरतं. गल्लीभर सगळे रात्रभर एकमेकांचं पाणी उपसत बसतात. याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

तरीही प्रत्येकाला आपल्या घरापुरतं काही करता येतं, तेही सांगतो. तळघरात पाणी तीन वाटांनी येतं.

पहिली वाट वरून, उतारावरून किंवा पायऱ्यांवरून. उताराच्या तोंडाशी आडवा उंचवटा करून घ्या आणि उतार संपतो तिथं जाळीची आडवी नाली. नुसती जाळी बसवून भागत नाही, ती पावसाआधी साफ पाहिजे.

दुसरी वाट खालून. बाहेरची गटार तुंबली की तळघरातल्या संडास-मोरीच्या पाईपातून घाण पाणी उलटं येतं. त्याला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसतो. पाणी बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. प्लंबरला सांगितलं की कळतं.

तिसरी वाट भिंतीतून. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. सप्टेंबरपर्यंत जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, मग पाझर सुरू होतो. म्हणून गच्चीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका. पाईप लांब न्या, जमलं तर गाळणी करून बोअरच्या पुनर्भरणाला जोडा. उन्हाळ्यात तेच पाणी कामाला येईल. तळघराच्या एका कोपऱ्यात खड्डा घेऊन आपोआप चालू होणारी मोटार बसवा. आणि ती इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर चालेल असं बघा, कारण जोराचा पाऊस आला की आपल्याकडं आधी लाईट जाते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या नीट वाचा. पाणी भरलेल्या तळघरात मेन स्विच बंद झाल्याशिवाय पाय ठेवू नका. मीटर आणि बोर्ड खाली असेल तर यंदाच वर घ्या. दुसरं म्हणजे बाहेरची जमीन ओलीगच्च असताना तळघर एका दमात रिकामं करू नका. आतलं पाणी गेलं की बाहेरच्या मातीचा आणि पाण्याचा दाब भिंतीवर येतो, भिंत आत ढासळू शकते. फूटभर उपसा, पातळीची खूण करा, थांबा, परत भरतंय का बघा, मग पुढं.

आणि तळघरात माणसं बसवू नका. दिल्लीत 27 जुलै 2024 ला जुन्या राजेंद्रनगरात कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि अभ्यास करणारी तीन मुलं गेली. त्या तळघराला परवानगी सामान ठेवायची होती, तिथं अभ्यासिका चालत होती. आपल्या गावात तळघरात काय काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. मुलांना तिथं पाठवण्याआधी एकदा जिना आणि बाहेर पडायच्या वाटा बघून या.

हे झालं आपलं काम. आता महापालिकेचं.

2023 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पाटी बदलली, आता कामाची पद्धतही बदलू द्या. तमिळनाडूत 2021 मध्ये मुख्य सचिवांनी आदेश काढला, की जुना थर खरवडल्याशिवाय नवा रस्ता करायचा नाही, रस्त्याची उंची वाढता कामा नये. चेन्नईत जे लागू होऊ शकतं ते जालन्यात का नाही? कॅनडात बर्फ वितळला की तळघरं भरतात, तर टोरंटोची महापालिका घरमालकाला व्हॉल्व्ह आणि पंपासाठी अनुदान देते. आपल्याकडं अनुदान राहू द्या. निदान आमच्या उंबरठ्यावर रस्ता चढवू नका, एवढंच मागणं आहे.

आणि नालेसफाई म्हणजे गाळ काढून नाल्याच्या काठावरच टाकायचा, हे बंद करा. पहिल्या पावसात तो परत आत जातो. कुंडलिका आणि सीना या आपल्या गावच्या नद्या आहेत. शहराचं सगळं पाणी शेवटी त्यांच्याकडंच जायचं असतं. त्यांना मिळणारे नाले अरुंद करून वर दुकानं उठली, तर पाणी आपल्या जिन्यावरून खाली उतरणारच. पाण्याला जागा लागते, आपण दिली नाही तर ते स्वतः शोधून घेतं.

जालना सोने का पालना म्हणतात. पाळण्यात पाणी साचवून चालत नाही.

आता एक काम करा. घरातला टेप घ्या. समोरच्या रस्त्याच्या मध्यावर आडवी काठी किंवा दोरी धरा आणि आपला उंबरठा रस्त्याच्या वर आहे की खाली, किती इंच, ते मोजा. गल्लीचं नाव आणि आकडा खाली कॉमेंटमध्ये लिहा, घर नंबर नको. मृग लागायच्या आत सगळे आकडे एका कागदावर करून वॉर्डाच्या अभियंत्याला आणि नगरसेवकाला देऊ, पोच घेऊ. "पाणी येतं हो" म्हटलं की ते "बघतो" म्हणतात. "उंबरठा रस्त्याच्या सात इंच खाली आहे" असं चाळीस घरांनी लेखी दिलं, तर नुसतं "बघतो" म्हणून भागणार नाही.