कॅथेटर कोणाच्या हातात?

जाहीर पत्रक : बेंगळुरूत हृदयरोगाचं शिक्षण घेणाऱ्या आणि देणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी. वाचून झालं की पुढच्याच्या हाती द्यावं.



मी डॉक्टर नाही. बेळगावहून पोटासाठी बेंगळुरूला आलो आणि कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून उभं राहता राहता नोकरी संपली. आमच्याकडे निर्जंतुक हातमोज्यांची पाकिटं मापाप्रमाणे लावलेली असायची. सहा, साडेसहा, सात, साडेसात. महिनाअखेरीला साठा मोजायचं काम माझ्याकडे. साडेसातचे खोके रिकामे, सातची दोन-चार पाकिटं शिल्लक, आणि सहाचा गठ्ठा आला तसाच. त्या वर्षी विभागात डीएम करणाऱ्या दोन मुली होत्या. दोघींच्या हाताला सहाच नंबर लागायचा. मग त्या होत्या कुठं? एक काचेपलीकडे बसून दुसऱ्यांनी केलेल्या अँजिओचे अहवाल टाइप करत होती. दुसरी वॉर्डात संमतिपत्रावर नातेवाइकांच्या सह्या घेत फिरत होती.

रुग्णालयाचं नाव सांगत नाही. असं एकच ठिकाण असतं तर मी पत्रक कशाला काढलं असतं, साहेबांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिली असती.

हल्ली हृदयरोगाच्या परिषदांमध्ये ‘मेंटॉरशिप’ या शब्दाची मोठी चलती आहे. आठ मार्चला स्त्री डॉक्टरांना गुलाबाचं फूल मिळतं, एक परिसंवाद होतो, फोटो निघतात. नऊ तारखेला केसची यादी लागते ती सात तारखेसारखीच. आमच्या कामात शिकवणं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं आहे. वायर समोरच्याच्या हातात द्यायची आणि आपण एक पाऊल मागे सरकून उभं राहायचं, एवढंच ते. मागे उभं राहणं फार अवघड असतं. बोटं शिवशिवतात. पण ज्यानं ते केलं नाही त्यानं शिकवलं नाही, मग तो व्यासपीठावरून काहीही बोलो.

मागे उभं राहण्याची एक गोष्ट आमच्या जातकुळीतली आहे, तंत्रज्ञांची, म्हणून ती सांगायचा मोह आवरत नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या चिमुरडीच्या हृदयाशेजारी रक्तवाहिन्या जोडल्या. ही कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची. त्यांना ऐकू फार कमी यायचं, म्हणून त्या लेकरांचं हृदय बोटांनी चाचपायच्या. आणि कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून ती बसवली होती विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं. ब्लॅलॉक टाके घालत होते आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून थॉमस पुढचा टाका सांगत होता. आधीच्या संस्थेत पगारपत्रकावर या माणसाचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. शस्त्रक्रियेला नाव मिळालं ते ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचं. थॉमसला मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ साल उजाडलं.

याच टॉसिगबाईंकडे पुढं एक भारतीय मुलगी शिकायला गेली. ब्रह्मदेशात जन्मलेली, रंगूनला वैद्यक शिकलेली एस. पद्मावती. परत आल्यावर १९५४ साली त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात कॅथेटरायझेशनची प्रयोगशाळा उभी केली. उत्तर भारतातली ती पहिली. २०२० साली, १०३ वर्षांच्या होऊन, कोविडनं त्या गेल्या. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचा फोटो प्रत्येक परिषदेत पडद्यावर झळकतो. फोटो झळकवणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं : सत्तर वर्षांपूर्वी एका बाईनं जी खोली उभारली, त्या खोलीत आजच्या मुलीला काचेपलीकडे का बसवता?

एकलव्याचा दाखला मी देणार नाही. तो आता इतका झिजला आहे की अंगठा कापणारेसुद्धा तो देतात.

आता आपल्या घरात येऊ. सोलापूर, लातूर, नागपूर, कोल्हापूरची पोरं डीएमला किंवा फेलोशिपला बेंगळुरूत येतात. कन्नड येत नाही, घरभाडं परवडत नाही, सिल्क बोर्डच्या गर्दीत दोन तास जातात. मग कुणाच्या तरी मामाच्या ओळखीनं एखादा मराठी कन्सल्टंट सापडतो. तो दिवाळीला घरी फराळाला बोलावतो आणि विभागप्रमुखांकडे शब्द टाकतो. आपण म्हणतो, वा, आपला माणूस! मला स्पष्ट सांगू द्या. हा वशिला आहे. तो आपल्या भाषेत आहे म्हणून गोड लागतो इतकंच. आपण मराठीसाठी शब्द टाकला, तमिळनं तमिळसाठी टाकला, एका जातीनं आपल्या जातीसाठी टाकला, एका क्लबनं आपल्या सभासदाच्या मुलासाठी टाकला. मग रायचूरच्या शेतमजुराच्या लेकीसाठी कोण टाकणार? तिचा मामा ऊस तोडतो. मराठी ज्येष्ठांनी मराठी पोरांना जास्त मदत करावी, असं आवाहन या पत्रकात कोणी शोधत असेल तर ते इथं नाही. शब्द टाकायची वेळच कुणावर येऊ नये, एवढंच मागणं आहे.

याच शहरानं ते एकदा करून दाखवलं आहे. बन्नेरघट्टा रस्त्यावरचं जयदेव हृदयरोग संस्थान घ्या. ‘आधी उपचार, पैसे नंतर’ हे वाक्य डॉ. सी. एन. मंजुनाथ यांच्या संचालकपदाच्या काळात तिथल्या कामाची ओळख बनलं. ते २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बेंगळुरू ग्रामीणमधून खासदार झाले. त्यांच्या राजकारणाशी माझं देणंघेणं नाही. गरिबावर दया करणारे डॉक्टर त्याआधीही होते. पण दया त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे यावर अवलंबून असते. नियम झाला की दारावरच्या क्लार्कलाही तो पाळावा लागतो. रुग्णाच्या बाबतीत जे जमलं ते शिकणाऱ्याच्या बाबतीत का जमू नये?

इथं लगेच गुणवत्तेचा मुद्दा निघतो, तेव्हा तोही मिटवू. नीट-एसएसच्या देशपातळीवरच्या प्रवेशात जातनिहाय आरक्षण नाही. काही राज्यांनी सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा राखल्या आहेत, तेवढा अपवाद. अतिविशेष शिक्षण आरक्षणाबाहेर ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी म्हटलं आहे. ते योग्य की अयोग्य यावर माझं मत आहे, पण आज ते बाजूला ठेवतो. ज्यांना आरक्षण नकोसं वाटतं, त्यांनाच विचारतो. तुमच्याच मापानं, खुल्या यादीतून, सारखी परीक्षा देऊन ही मुलं आत आली ना? मग आत आल्यावर एकाच्या हाती वायर आणि दुसऱ्याच्या हाती स्टेपलर, हे कोणत्या गुणवत्तेनं ठरलं? आडनाव विचारून? ‘लग्न झाल्यावर ही सोडणारच’ असा होरा बांधून?

आडनाव विचारण्याची किंमत मुंबईनं पाहिली आहे. २२ मे २०१९ रोजी जळगावकडची आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. स्त्रीरोग विभागात ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचे आरोप झाले, तिघींना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात जातिभेदाच्या आरोपांनंतर जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोन आयांना दिल्लीपर्यंत जावं लागतं, याचा अर्थ विभागातल्या मधल्या फळीतल्या एकानंही वेळेवर तोंड उघडलं नाही असा मी घेतो. कनिष्ठाची बाजू बंद खोलीत मांडणारा ज्येष्ठ नसेल, तर शिकवणी कितीही चांगली असो, उपयोग नाही.

ज्येष्ठांची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, रुग्णाचा जीव. खरं आहे, शिकाऊ हातात थेट गुंतागुंतीची केस कोणी देऊ नये. पण पायऱ्या आहेतच. आधी मनगटाच्या धमनीत सुई, मग शीथ, मग नुसती अँजिओ, मग साधा स्टेंट, दर पायरीला मागे उभा असलेला माणूस. ज्या मुलाला तुम्ही पुढं आणता, त्यालाही याच पायऱ्यांनी आणता. तेव्हा रुग्णाचा जीव आड येत नाही. दुसरं उत्तर, ‘आम्हीही सोसलंय.’ याला काय बोलणार? सासूचं उत्तर आहे ते. तिसरं मात्र प्रामाणिक आहे. खासगी रुग्णालयात रुग्ण एका डॉक्टरचं नाव ऐकून येतो, त्याच्या हातासाठी पैसे मोजतो. त्याला न सांगता दुसऱ्यानं हात घालणं ही फसवणूकच. मान्य. मग प्रवेशाआधीच सांगा की आमच्याकडे तीन वर्षांत स्वतःच्या हातानं फार कमी केसेस मिळतील. पोरं दुसरीकडे जातील. तुम्हाला नेमकं तेच नको आहे, कारण रात्रपाळीचा वॉर्ड मग सांभाळणार कोण?

तर मागणं साधं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची इलेक्ट्रॉनिक लॉगबुक सक्तीची केली. त्याच धर्तीवर डीएम आणि डीआरएनबीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं कोणती केस पाहिली, कोणत्या केसमध्ये मदत केली, कोणती स्वतः केली, ते नोंदवावं. एकेकट्याची नोंद काही सांगत नाही. शेजारी शेजारी ठेवली की बोलायला लागते. दर सहा महिन्यांनी विभागानं नावं झाकून सगळ्यांचे आकडे फलकावर लावावेत : फर्स्ट ऑपरेटर म्हणून कुणाला किती, त्यात मुली किती, मुलगे किती. तफावत दिसली की विभागप्रमुखानं कारण लिहून द्यावं. पैसा लागत नाही, जागा लागत नाही, फक्त लाज वाटायची तयारी लागते.

आणि एप्रन. पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन पुरुषांच्या मापाचा मागवायचा आणि खांद्यावरून घसरला की ‘यांना झेपत नाही’ म्हणायचं, हे बंद करा. लहान मापाचे मागवा. गरोदरपणाचं म्हणाल तर अणुऊर्जा नियामक मंडळानं गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा घालून दिली आहे. एप्रनखाली जादा टीएलडी बॅज लावून डोस मोजता येतो. कामं वाटून देता येतात. ती काय करणार हे तिच्याशी बोलून ठरवा, तिच्या पाठीमागे ठरवू नका.

यात आणखी एक माणूस राहतो, तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर. तो तुमच्या परिषदेला येतच नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार हृदयविकारानं ४६ व्या वर्षी गेला. त्याच्या नावानं कर्नाटक सरकारनं ‘हृदय ज्योती’ योजना आणली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्राकडे पाठवायचा, झटका असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं टेनेक्टेप्लेस तिथंच फुकट द्यायचं. योजना चांगली आहे. पण रात्री दोन वाजता इंजेक्शन हातात घेऊन थरथरतो तो एमबीबीएस पोरगा, आणि त्याच्या शेजारी एक सिस्टर. पडद्यावर उत्तर येतं, ‘द्या.’ मेंदूत रक्तस्राव झाला तर नातेवाइकांसमोर तो एकटा उभा. २०२५ च्या जुलैमध्ये हासन जिल्ह्यातल्या हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या पसरल्या आणि घाबरलेले लोक पहाटेपासून जयदेवच्या दारात रांगा लावू लागले, तेव्हा हेच तालुक्याचे डॉक्टर रोज शेकडो प्रश्न झेलत होते. केंद्रातल्या तज्ज्ञानं दुसऱ्या दिवशी त्या पोराला दोन मिनिटं फोन करून विचारावं : काय दिसलं, काय चुकलं, पेशंट कसा आहे? हेही मागे उभं राहणंच आहे, दीडशे किलोमीटरवरून.

मी सांगतो ते खोटं वाटत असेल तर वाद नको. येत्या एकतीस तारखेला आपल्या कॅथलॅबचं कपाट उघडा. हातमोज्यांची पाकिटं मापाप्रमाणे मोजा, आणि सहा-साडेसहाच्या गठ्ठ्यावर किती धूळ आहे ते बोट फिरवून पाहा.

— कॅथलॅबमधून निवृत्त झालेला एक तंत्रज्ञ, बेंगळुरू
(हेच पत्रक कन्नडमध्येही निघत आहे.)