डॉक्टरांचे पैसे पेशंट बरा होण्यावर ठरले तर?

वाकडमध्ये आयटीतल्या बहुतेक घरांत कंपनीचा कॅशलेस विमा असतो. डिस्चार्जच्या वेळी बिल किती झालं ते कळतं. पण उपचार चांगले झाले की नाही, याचा त्या आकड्याशी संबंध नसतो. तो जोडावा का, हा वाद डॉक्टरांमध्येही आहे.

सध्या काय होतं?

खासगी हॉस्पिटलला पैसे मिळतात ते तपासण्या, ऑपरेशन आणि बेडच्या दिवसांवर. पुण्याच्या 'साथी' संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्यात कट प्रॅक्टिस आणि कॉर्पोरेट हॉस्पिटलमधल्या 'टार्गेट'बद्दल डॉक्टरच उघडपणे बोलले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला, पण तो मसुदाच राहिला.

मग दर्जावर पैसे?

सुरुवात झाली आहे. आयुष्मान भारत योजनेच्या २०१८ च्या नियमांत एनएबीएचची प्राथमिक मान्यता असलेल्या हॉस्पिटलला पॅकेजवर १० टक्के आणि पूर्ण मान्यता असल्यास १५ टक्के जादा रक्कम ठेवली होती. पण मान्यता म्हणजे व्यवस्था नीट असल्याची खात्री. पेशंट बरा झाला का, हे त्यातून कळत नाही. म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने पेशंटचं समाधान, पुन्हा भरती होण्याचं प्रमाण, खिशातून झालेला खर्च, तक्रारी आणि तब्येतीतला फरक असे पाच निकष मांडले.

डॉक्टरांना भीती कशाची?

निकाल एकट्या डॉक्टरच्या हातात नसतो. पेशंट उशिरा आला, गोळ्या सोडल्या, तर गुण कोणाचे कापायचे? आकडे चांगले दिसावेत म्हणून एखादं हॉस्पिटल गंभीर पेशंट टाळेल. तो पेशंट शेवटी पिंपरीच्या वायसीएमसारख्या पालिका रुग्णालयात जाईल आणि आकडे त्यांचे बिघडतील. छोट्या नर्सिंग होमला तर नोंदी ठेवायला माणूस परवडत नाही.

ब्रिटनने २००४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना गुणांवर पैसे देणं सुरू केलं. मधुमेह, दम्याच्या नोंदी सुधारल्या, पण ज्या कामाला गुण नव्हते ते मागे पडलं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धत बंद केली.

मुद्दा काय?

पेशंट आला तेव्हा किती गंभीर होता, हे धरूनच गुण द्यायला हवेत. नाहीतर सोपे पेशंट घेणाऱ्याला बक्षीस आणि अवघड पेशंट घेणाऱ्याला दंड होईल.