आधी कौले, मग रंग

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. शाहू महाराजांनी आपल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले ते १९०८ साली. मिशनची जुनी घरे असोत वा वसतिगृहे, स्वयंसेवक दुरुस्तीला आले की पहिला हात रंगाच्या डब्याला! फोटो झकास येतो. पण आपल्या वस्तीत गवंडी, सुतार आहेत. आम्ही त्यांचेच ऐकतो. आत राहणाऱ्या बाईला विचारा, पाणी नेमके कुठे ठिबकते. मग छपरावर चढा, फुटकी कौले बदला, पन्हळी मोकळ्या करा. दगडचुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. तिथे चुनाच हवा. आणि हे सगळे मृगाआधी.